संगणक मंद का होतो?

शिवणयंत्र जुने झाले की त्याचा पट्टा सैल पडतो. सायकलची साखळी गंजते. पिठाच्या गिरणीतील दगड गुळगुळीत होतात आणि त्यांना पुन्हा टाकी लावावी लागते. यंत्र वापरले की झिजते आणि झिजले की त्याचे काम मंदावते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

म्हणून संगणक मंद झाला की आपण सहज म्हणतो, "जुना झाला!" एखाद्या नामांकित कंपनीचा संगणक घरी किंवा शाळेत येतो. पहिल्या वर्षी तो अर्ध्या मिनिटात कामाला तयार होतो. चौथ्या वर्षी त्याच कामाला पाच मिनिटे लागतात. मग कोणी म्हणते, "आता नवा घ्यायला हवा." दुसरे कोणी म्हणते, "कंपन्या मुद्दामच असे करतात, नाहीतर त्यांचे नवे संगणक कोण घेणार?" या दोन्ही उत्तरांवर विश्वास ठेवला, तर पुढचे पाऊल एकच उरते: खिशात हात घालणे!

पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने असे उत्तर तपासल्याशिवाय स्वीकारू नये. संगणकातील नेमकी कोणती वस्तू झिजते? कोणती झिजत नाही? चला, एकेक भाग तपासून पाहू या.

संगणकाचे घड्याळ मंद होते का?

संगणकात बेरीज-वजाबाकी, तुलना वगैरे सर्व कामे करणारा जो भाग असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. कवायतीत शिक्षकांच्या शिट्टीवर जशी मुलांची पावले पडतात, तसा प्रोसेसर ठरावीक स्पंदांच्या तालावर काम करतो. हा ताल देतो क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाचा एक लहानसा तुकडा. मनगटी घड्याळातही असाच स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. संगणकातील स्फटिक याहून कितीतरी जलद कंप पावतो आणि त्याच्या तालावरून विद्युतमंडले आणखी जलद स्पंद तयार करतात. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ३०० कोटी स्पंद!

आता या स्फटिकावर वयाचा परिणाम होतो का? होतो, पण किती? साधारणपणे दहा लाखात काही थोडे भाग, एवढाच. समजा, एखाद्या स्फटिकाचा ताल दहा लाखात १० भागांनी मंदावला. मग पूर्वी एक तास लागणाऱ्या कामाला किती वेळ जास्त लागेल? ३,६०० सेकंदांना १० ने गुणा आणि दहा लाखांनी भागा. उत्तर येते ०.०३६ सेकंद. डोळ्याचे पाते लवायलाही याहून जास्त वेळ लागतो!

प्रोसेसरमधील अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर वर्षानुवर्षांच्या वापराने किंचित सुस्तावतात हे खरे. पण हे लक्षात घेऊनच कारखान्यात प्रोसेसरचा वेग थोडा राखून ठरवलेला असतो. त्यामुळे नेहमीच्या वापरात ही सुस्ती आपल्याला जाणवत नाही.

याचे एक सुंदर उदाहरण पृथ्वीपासून फार दूर आहे. व्हॉयेजर-१ हे अवकाशयान ५ सप्टेंबर १९७७ रोजी उडाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्याकडून येणारी माहिती अचानक अर्थहीन झाली. त्या वेळी यान सुमारे २,४०० कोटी किलोमीटर अंतरावर होते. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा त्याच्या एका संगणकातील स्मृतीची एक चिप निकामी झाल्याचे आढळले. त्या चिपमधील आज्ञा स्मृतीच्या इतर भागांत हलवण्यात आल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा समजेल असे बोलू लागले. म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी चिप बिघडली, पण संगणक 'म्हातारा होऊन हळू' झाला नव्हता. इलेक्ट्रॉनिक भाग बहुधा असेच वागतात. ते चालतात तेव्हा ठरल्या वेगाने चालतात आणि बिघडतात तेव्हा चुकतात किंवा बंद पडतात.

तर मग आपला संगणक मंद झाल्यासारखा का वाटतो? कारण यंत्र तेच राहिले, पण त्याच्यावरचे ओझे वाढले.

न बोलावलेले पाहुणे

संगणक सुरू केला की तुम्ही काही करण्यापूर्वीच अनेक प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात. एखादा नव्या आवृत्तीची चौकशी करतो, एखादा छपाईयंत्राची वाट पाहत बसतो, एखादा फोटो दुसरीकडे पाठवतो. प्रत्येक जण थोडी जागा आणि थोडा वेळ घेतो. तुम्ही नवा प्रोग्रॅम बसवता तेव्हा त्याचा एखादा मदतनीसही गुपचूप या रांगेत उभा राहतो. प्रोग्रॅम वापरणे तुम्ही सोडता, पण मदतनीस रोज हजेरी लावतो. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे!

नामांकित कंपन्यांच्या संगणकांत ही रांग पहिल्याच दिवशी लांब असते. सुटे भाग जुळवून घेतलेल्या संगणकात बहुधा आपण घातलेलेच प्रोग्रॅम असतात. कंपनीच्या तयार संगणकात मात्र काही दिवस फुकट चालणारा विषाणूरोधक प्रोग्रॅम, खेळ, कंपनीचे स्वतःचे मदतनीस असा बराच ऐवज आधीच भरलेला असतो. असे प्रोग्रॅम बनवणारे अनेकदा संगणकाच्या कंपनीला त्यासाठी पैसे देतात. काही वेळा हा प्रकार नुसता त्रासाचा नव्हे, तर धोक्याचाही ठरतो. लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम आधीच घातलेला असल्याचे २०१५ च्या सुरुवातीला उघडकीस आले. त्यामुळे वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरील सुरक्षिततेलाच बाधा येत होती. २०१७ मध्ये कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करावी लागली.

म्हणजे नावाजलेल्या कंपनीचे यंत्र वाईट असते असे नव्हे. यंत्र चांगले असूनही त्याच्या पाठीवर दुसऱ्यांची गाठोडी असू शकतात, एवढे ध्यानात घ्या.

टेबल लहान, पसारा मोठा

तुम्ही अभ्यासाला बसता तेव्हा लागणारी पुस्तके टेबलावर घेता आणि बाकीची कपाटात ठेवता. संगणकातही असेच असते. चालू कामाची माहिती 'रॅम' या स्मृतीत राहते, ते झाले टेबल. बाकी सर्व माहिती साठवणीच्या तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर असते, ते झाले कपाट.

पसारा टेबलावर मावेनासा झाला तर काय होते? संगणक काही वह्या उचलून कपाटात ठेवतो. थोड्या वेळाने त्याच लागल्या की दुसऱ्या उचलून या पुन्हा काढतो. सारा वेळ या ने-आणीतच जातो.

ही ने-आण किती महाग पडते पाहा. रॅममधून माहिती मिळायला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो. फिरणाऱ्या तबकडीवरून मिळायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. दोन्ही वेळ आपल्याला क्षणभरच वाटतात. पण त्यांचे गुणोत्तर काढा: एकास एक लाख! टेबलावरील पुस्तक उचलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर कपाटातील पुस्तक मिळायला एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ तास लागतील. आज मागितलेली वही उद्या संध्याकाळी हाती आली, तर अभ्यास कसा होणार?

आणि पसारा वाढतच जातो. विंडोज ही संगणकाचा सर्व कारभार पाहणारी प्रणाली घ्या. तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांना कमीत कमी किती रॅम लागेल असे मायक्रोसॉफ्ट कंपनीने सांगितले होते, ते पाहा:

१९९५, विंडोज ९५: ४ मेगाबाइट
२००१, विंडोज एक्सपी: ६४ मेगाबाइट
२००९, विंडोज ७: १ गिगाबाइट
२०२१, विंडोज ११: ४ गिगाबाइट

१ गिगाबाइट म्हणजे १,०२४ मेगाबाइट. म्हणजे सव्वीस वर्षांत गरज १,०२४ पट झाली. प्रत्येक नव्या आवृत्तीत नव्या सोयी येतात, पण त्यांची किंमत जुन्या यंत्राला मोजावी लागते. इंटरनेटवरील पानेही अशीच जड होत गेली आहेत. पूर्वी पानावर अक्षरे आणि एखादे चित्र असे. आता त्याबरोबर चलचित्रे, जाहिराती आणि तुमच्या संगणकावर चालणारे छोटे प्रोग्रॅमही येतात.

'पास्कल' ही संगणकाची भाषा तयार करणारे स्विस शास्त्रज्ञ निक्लाउस वीर्थ यांनी १९९५ मध्येच याकडे लक्ष वेधले होते. यंत्रे जितक्या झपाट्याने जलद होत आहेत, त्याहून अधिक झपाट्याने प्रोग्रॅम सुस्त होत आहेत, असे त्यांच्या लेखाचे सार होते. हे निरीक्षण पुढे 'वीर्थचा नियम' म्हणून ओळखले जाऊ लागले. जागा भरपूर मिळाली की पसारा आवरण्याची गरज वाटत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही लागू पडते!

फिरती तबकडी आणि चिपांची पाटी

आता कपाटाकडे वळू. लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. शिवाय ते टोक धरणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. मिळून झाले १५ मिलिसेकंद. म्हणजे माहिती विखुरलेली असेल तर एका सेकंदात जेमतेम ६५ तुकडे वाचता येतात.

समजा, सुरू होताना २० प्रोग्रॅम प्रत्येकी २०० तुकडे मागतात. एकूण ४,००० तुकडे. त्यांना प्रत्येकी १५ मिलिसेकंद लागले, तर वेळ झाला ६० सेकंद. ते 'न बोलावलेले पाहुणे' एक मिनिट कसे खातात, हे आता कळले ना? तबकडी भरत जाते तशा नव्या फायली मिळेल त्या रिकाम्या जागी तुकड्यातुकड्यांनी ठेवल्या जातात, त्यामुळे हे विखुरणेही वाढते. शिवाय या कपाटात फिरणारे भाग आहेत, आणि फिरणारे भाग झिजतात. तबकडीचा एखादा भाग खराब होऊ लागला की यंत्र तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि सारा संगणक खोळंबतो.

नव्या संगणकांत तबकडीऐवजी चिपांची साठवण असते. तिला 'एसएसडी' म्हणतात. तिच्यात काहीच फिरत नाही, त्यामुळे माहिती सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागात मिळते. आपल्या उदाहरणातले २८ तास येथे अवघ्या १७ मिनिटांवर येतात! म्हणूनच जुन्या संगणकात तबकडी काढून एसएसडी बसवली की त्याला जणू नवे पाय फुटतात.

पण एसएसडीचीही एक खोड आहे. अशी पाटी कल्पा, की जिच्यावर एकेक अक्षर लिहिता येते, पण पुसायची तर सारी पाटीच पुसावी लागते. एक अक्षर बदलण्यासाठी उरलेली चांगली अक्षरे आधी दुसऱ्या पाटीवर उतरवावी लागतात. रिकाम्या पाट्या भरपूर असतील तोवर हे काम भराभर होते. एसएसडी काठोकाठ भरली की मात्र ही उतरवाउतरवी वाढते आणि लिहिणे मंदावते. म्हणून तिच्यात थोडी जागा नेहमी मोकळी ठेवावी.

धूळ आणि उन्हाळा

प्रोसेसर काम करताना तापतो. तापमान ठरावीक मर्यादेला पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपले स्पंद कमी करतो. हा बिघाड नसून शहाणपणा आहे, पण आपल्याला तो मंदपणा वाटतो.

उष्णता किती वेगाने बाहेर जाईल हे प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. समजा, प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे. खोली २५ अंशांवर असेल तर फरक ७०. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेथे पंख्याशिवाय दुसरी सोय नसलेल्या खोलीत हा फरक ५० अंशांवर येतो. म्हणजे तोच पंखा आता पाच सप्तमांश उष्णताच बाहेर टाकू शकतो. त्यातच पंख्याच्या जाळीत तीन-चार वर्षांची धूळ बसलेली असेल आणि लॅपटॉप गादीवर ठेवलेला असेल, तर विचारायलाच नको. ही धूळ साफ केली, तर वेग पुन्हा मिळतो.

कंपन्या मुद्दाम मंद करतात का?

आता उरला दुसरा आरोप. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने एक गोष्ट मान्य केली. काही जुन्या आयफोनचा वेग तिच्याच प्रणालीतील बदलाने कमी होत होता. कारण काय? लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वयाबरोबर वाढतो. फोनने एकदम जास्त वीज मागितली की जुन्या बॅटरीचा दाब कोसळतो आणि फोन अचानक बंद पडतो. ते टाळण्यासाठी कंपनीने प्रोसेसरची धाव आखडली होती. कारण शास्त्रीय होते, पण ग्राहकांना ते नीट सांगितले नव्हते. नवी बॅटरी घातली की फोन पूर्ववत होतो हे ठाऊक नसल्याने कित्येकांना नवा फोन घेणे हाच मार्ग वाटला असेल. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला, तो ही माहिती न दिल्याबद्दल.

दुसरी घटना जानेवारी २०१८ मधली. 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' हे प्रोसेसरच्या रचनेतील दोष जाहीर झाले. ते बुजवण्यासाठी प्रणालींत जे बदल केले, त्यांनी काही कामे, विशेषतः जुन्या प्रोसेसरवर, हळू झाली. येथे वेग देऊन सुरक्षितता घ्यावी लागली.

म्हणजे 'कंपन्या मुद्दाम करतात' असे सरसकट म्हणणे चूक, आणि 'कंपन्यांचा काही संबंध नाही' असे म्हणणेही चूक. प्रत्येक वेळी नेमके कारण शोधले पाहिजे.

निदान तुम्हीच करा

वैद्य नाडी पाहिल्यावर औषध देतो. तुम्हीही संगणकाची नाडी पाहू शकता. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात सीपीयू म्हणजे प्रोसेसर, मेमरी म्हणजे रॅम आणि डिस्क म्हणजे साठवण, असे तीन आकडे दिसतील. संगणक मंद वाटेल त्याच वेळी ते पाहा.

१. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही सतत गुंतलेली: टेबल लहान पडते आहे. नको असलेले प्रोग्रॅम बंद करा. नेहमीच असे होत असेल, तर रॅम वाढवण्याचा विचार करावा.

२. मेमरी मोकळी, पण डिस्क बराच वेळ १०० टक्के: पाहुणे फार आहेत किंवा तबकडी थकली आहे. सर्वांत आधी महत्त्वाच्या फायलींची दुसरीकडे नक्कल करून ठेवा.

३. सीपीयू सतत गुंतलेला: कोणता प्रोग्रॅम त्याला गुंतवतो, ते यादीत पाहा.

४. सुरुवातीला ठीक, पण पंधरा-वीस मिनिटांनी मंद आणि पंख्याचा आवाज मोठा: धूळ आणि उष्णता.

५. तिन्ही आकडे कमी, फक्त इंटरनेटवरील पाने रखडतात: दोष बहुधा संगणकाचा नसून जोडणीचा असतो. अशा वेळी नवा संगणक घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

याच खिडकीत सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमांचीही यादी मिळते. संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ घड्याळ लावून तीनदा मोजा, सरासरी काढा आणि वहीत लिहा. मग ओळखीचा पण नको असलेला एकच प्रोग्रॅम यादीत थांबवा आणि पुन्हा मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही पाळा. नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. अनोळखी नावाला हात लावू नका. यंत्र उघडायचे असेल तर वीज बंद करून, शिक्षकांच्या किंवा जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच उघडा.

हे सारे कशासाठी?

काही वेळा नवा संगणक खरोखरच घ्यावा लागतो. उदाहरणार्थ, विंडोज १० ला मिळणारी कंपनीची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. पण तेथेही लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घालून पाहण्याचा मार्ग असतो.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातील पाव हिश्शाहूनही कमी कचऱ्याचे रीतसर पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यात शिसे, पारा यांसारखे विषारी पदार्थ आहेत, तसेच तांबे आणि सोनेही आहे. एक ओंजळभर धूळ किंवा दहा नको असलेले प्रोग्रॅम, एवढ्याच कारणासाठी चांगला संगणक त्या ढिगात जावा, हे परवडणारे नाही. तुमच्या घराला नाही आणि पृथ्वीलाही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी "जुना झाला" असे कोणी म्हटले, की नम्रपणे विचारा, "त्याचा कोणता भाग जुना झाला?" मग वही आणि घड्याळ घेऊन कामाला लागा.

सोडवून पाहा

१. टेबलावरच्या संगणकातील तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते. अर्ध्या फेऱ्याला किती मिलिसेकंद लागतील?

२. लेखातील प्रोसेसर ३५ अंशांच्या खोलीत ठेवला, तर २५ अंशांच्या खोलीच्या मानाने त्याची किती उष्णता बाहेर जाऊ शकेल?

३. शाळेत एकाच दिवशी घेतलेले, एकाच कंपनीचे दोन सारखे संगणक आहेत. एक जलद आहे, एक मंद. दोष यंत्रात आहे की प्रोग्रॅमांत, हे ठरवण्यासाठी कोणता प्रयोग कराल?

उत्तरे: १. सुमारे ४.२ मिलिसेकंद. २. सहा सप्तमांश. ३. याचे उत्तर वर्गात चर्चा करून ठरवा.